शुद्ध हवेचा कप

आनंदा घाग यांनी उभ्या आयुष्यात चाळीतली एकही गोष्ट दुरुस्त केली नाही. रंगवल्या मात्र पुष्कळ.

गळका नळ त्यांनी रंगवला. जिन्याचा कुजलेला कठडा रंगवला आणि त्यावर वळणदार अक्षरात ‘टेकू नये’ असं लिहून घेतलं. दुसऱ्या मजल्यावरच्या संडासाचं दार बिजागरीतून निखळलं होतं. ते त्यांनी निखळलेलंच भिंतीला टेकवून दोन्ही बाजूंनी आकाशी रंगवून काढलं. परीक्षक येऊन गेले की दार पुन्हा पडायचं, पण तोवर कप आलेला असायचा.

कप म्हणजे स्पर्धांचे कप. गणपतीची सजावट, रांगोळी, सामूहिक आरती, आदर्श मंडळ, स्वच्छ चाळ. लालबाग-परळमध्ये स्पर्धांना तोटा नाही. कुठली ना कुठली पतपेढी, नाहीतर एखादा सराफ कप वाटायला उभाच असतो. करी रोड स्टेशनातून लालबागकडे येताना टॉवरांच्या अधेमधे आमची हिरजी चाळ अजून टिकून आहे. तिच्या तळमजल्यावर मंडळाचं ऑफिस आहे आणि त्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात हे सगळे कप दाटीवाटीने उभे आहेत. ऑफिसला वर्गणीतून बसवलेला एसी आहे. मीटिंग होते कधीतरी, एसी चालतो रोज, कारण आनंदाभाऊ रोज तिथे बसतात. दमट हवेने कपांचं पॉलिश जातं, असं त्यांचं म्हणणं.

ते याच चाळीत जन्मले. वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. संपानंतर ते चिपळूणकडे गावी गेले ते परत आले नाहीत. आनंदाभाऊ एका सहकारी बँकेत शिपाई म्हणून चिकटले आणि क्लार्क होऊन निवृत्त झाले. बँकेत त्यांनी इतकी वर्षं काय केलं हे कुणाला सांगता येणार नाही, त्यांनाही नाही. त्यांची खरी नोकरी मंडळात होती. आधी सेक्रेटरी, मग खजिनदार, मग पुन्हा सेक्रेटरी. आता ते ‘मार्गदर्शक’ आहेत. म्हणजे सेक्रेटरी जे ठरवणार ते एक दिवस आधी ठरवून ठेवणारा माणूस.

मी शाळेत असताना ‘स्वच्छ चाळ’चे परीक्षक आले होते, तो दिवस मला चांगला आठवतो. आमच्या मजल्यावर धोंडूआजोबा लकव्याने पडून होते. त्यांची खाट गॅलरीत असायची, कारण खोलीत ती मावत नव्हती. आदल्या दिवशी आनंदाभाऊंनी सगळ्या गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे उतरवले, पाण्याचे ड्रम उचलायला लावले, आणि ड्रमांबरोबर खाटही. धोंडूआजोबा दिवसभर संडासांच्या बोळात पडून राहिले. खाटेपुढे चादर लावली होती, तिला आनंदाभाऊंनी रांगोळी-प्रदर्शनाचा बोर्ड टाचला होता. चाळीला दुसरा नंबर मिळाला. पुढे आजोबा गेले, तेव्हा शोकसभेत आनंदाभाऊच बोलले. त्याच कपाटापुढे उभे राहून बोलले, आणि फार चांगले बोलले. लोक रडले. बोलणं त्यांना उत्तम येतं.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की पुढे जे झालं त्यात आनंदाभाऊंनी काही नवीन केलं नाही. आयुष्यभर जे करत आले तेच त्यांनी पुन्हा एकदा केलं. या वेळी खाटेच्या जागी रखमामावशी होत्या.

रखमामावशी तळमजल्यावर मागच्या खोलीत राहतात. नवरा जाऊन खूप वर्षं झाली. हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम त्या घरी करतात. खोलीला एकच खिडकी, ती मागच्या बाजूला. शिलाईचं मशीन तिला खेटून ठेवलंय, कारण उजेड तिथूनच येतो. पूर्वी त्या खिडकीबाहेर गोदामाची भिंत होती. गोदाम पाडून तिथे टॉवर उभा राहायला लागला, आणि त्याला लागणारं काँक्रीट कालवायचा प्लांट बिल्डरने मावशींच्या खिडकीपासून दोन हातांवर बसवला. तेव्हापासून त्या खोलीत उजेड आणि सिमेंट एकाच वाटेने येतात. दुकानाने फिक्या रंगाच्या साड्या देणं बंद केलं, कारण मावशींकडून त्या करड्या होऊन परत जायच्या. मग मावशींचा खोकला सुरू झाला, आणि नंतर दम. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, ही हवा सुटली नाही तर घरी ऑक्सिजनचं मशीन लावावं लागेल. खोली सोडून त्या जाणार कुठे? त्या साइटवर जाऊन सुपरवायझरला भेटल्या. तो म्हणाला, आजी, वय झालं की दम लागतोच.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची इंजिनिअर आहे. दादरच्या एका संशोधन संस्थेत नोकरी करते. आमची संस्था माणसाच्या अंगावर लावायच्या छोट्या यंत्रांनी हवा मोजते. शहराची हवा मोजणारी मोठी केंद्रं कुठल्यातरी गच्चीवर असतात आणि अख्ख्या भागाची सरासरी सांगतात. पण सरासरी हवा कुणी श्वासात घेत नाही. प्रत्येक जण आपल्या नाकापुढची घेतो. म्हणून यंत्र नाकाजवळ हवं, आणि माणूस जाईल तिथे त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. काडेपेटीहून थोडं मोठं असतं ते, खांद्याजवळ पदराला किंवा कॉलरला अडकवायचं. आत नखाएवढा पंखा हवा ओढतो, त्या हवेतून लेझरचा किरण जातो आणि धुळीचे बारीक कण मोजले जातात. दर मिनिटाचा आकडा आमच्याकडे येतो. यंत्राच्या तोंडावर एक दिवाही आहे. हवा बरी असली की हिरवा, मध्यम असली की पिवळा, वाईट असली की लाल. हा दिवा ठेवायची कल्पना कोणाची होती, हे विचारलं की संस्थेत सगळे एकमेकांकडे बघतात.

मावशींच्या नशिबाने म्हणा, त्या प्लांटची तक्रार वॉर्ड ऑफिसात पोचली होती. तिथल्या साहेबांनी आमची यंत्रं वापरायला होकार दिला. प्लॉटच्या एका अंगाला आमची चाळ, दुसऱ्या अंगाला तांबावाला बिल्डिंग. दोन्हीकडे एकेका माणसाने काही आठवडे यंत्र लावायचं. ज्या बाजूचा आकडा जास्त वाईट, त्या बाजूला बिल्डरने सुनावणीनंतर लगेच पत्र्याचं उंच कुंपण आणि पाण्याचे फवारे बसवायचे. दुसऱ्या बाजूला ‘पुढच्या टप्प्यात’. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको.

आमच्या चाळीतून कोण, हा प्रश्नच नव्हता. मी मावशींच्या पदराला यंत्र लावून दिलं. दिवा लावल्या लावल्या लाल झाला. मावशींनी तो खाली मान घालून बघितला आणि त्या पहिल्यांदाच हसल्या.

“एवढे दिवस मी सांगत होते,” त्या म्हणाल्या. “आता हे सांगेल. याला कोणी वय झालंय म्हणणार नाही.”

त्या कामाला लागल्या. नळावर, रेशनला, हिंदमाताला, रात्री उशाशी, कुठेही जायचं तर यंत्र बरोबर. माझ्या कॉम्प्युटरवर त्यांचा दिवस मला दिसायचा. सकाळी फोडणी पडली की रेघ वर उडायची आणि लगेच खाली यायची. हिंदमाताला उतरलं की जराशी चढायची. प्लांट सुरू झाला की मात्र जी वर जायची, ती तो बंद होईपर्यंत खाली येत नसे. इतका स्वच्छ पुरावा मी तोवर पाहिला नव्हता.

आणि तो पुरावा चाळभर लाल दिवा दाखवत फिरत होता.

तांबावाला बिल्डिंगच्या मंडळाचा सेक्रेटरी निलेश. वयाने आनंदाभाऊंच्या निम्मा, पण सजावटीचा पहिला नंबर त्याने सलग पळवलेला. नाक्यावरच्या चहावाल्याकडे त्याने आनंदाभाऊंना गाठलं आणि दहा माणसांत विचारलं, “काय भाऊ, हिरजीला लाल दिवा मिळाला म्हणे. बंगला कधी?” माणसं हसली. निलेशने चहा संपेपर्यंत आपल्या बिल्डिंगचा दिवा पिवळा असल्याचं सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं.

आनंदाभाऊंना त्या रात्री जेवण गेलं नाही, असं त्यांच्या बायकोने, काकींनी, माझ्या आईला सांगितलं. चाळीतली माणसं दम लागून जिन्यात बसायची, तेव्हा त्यांचं जेवण कधी राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. एसीत बसवलं. यंत्राबद्दल बारीकसारीक विचारलं, आणि मला वाटलं, चला, मार्गदर्शकांना काहीतरी समजून घ्यायचं आहे. मी सगळं सांगितलं. कण कसे मोजतात, सुनावणी कधी, पत्रे कोणाला मिळणार, फवारे कोणाला.

“म्हणजे लाल म्हणजे जास्त,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि जास्त म्हणजे वाईट.”

“हो काका, म्हणून तर...”

“मग आपण वाईट कशाला यायचं?”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ही स्पर्धा नाही. परीक्षक नाहीत, नंबर नाहीत. जो वाईट ठरेल त्याचंच काम आधी होणार आहे. मावशींचा दम त्यावर अवलंबून आहे. ते मान हलवत होते. ऐकताना त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या कपाटावर होती. मग त्यांनी मला समजावलं, की मी शिकलेय, पण लहान आहे. चाळीचं नाव एकदा खराब झालं की झालं. उद्या पेपरात आलं, की हिरजी चाळीची हवा सगळ्यात घाण, तर इथल्या मुलांना मुली कोण देणार? चाळीतली लग्नाची मुलं केव्हाच डोंबिवली-बदलापूरला गेली आहेत, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं पटल्यासारखा चेहरा करून त्यांनी मला चहा पाजला आणि निरोप दिला.

मग काही दिवसांनी मावशींची रेघ आडवी झाली.

फोडणीला हलेना, प्लांटला हलेना. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकसारखी, तळाला चिकटून. यंत्र बिघडलं असं मला आधी वाटलं. पण त्यात तापमानही नोंदवलं जातं, आणि ते दिवसभर चोवीस अंश दाखवत होतं. हिरजी चाळीत चोवीस अंश फक्त एका खोलीत असतात.

मी दादरहून तशीच निघाले. आधी मावशींकडे गेले. त्या मशीनवर बसल्या होत्या. पदर मोकळा होता, तोंडाला फडकं बांधलेलं. मला बघून त्यांनी उलट मलाच विचारलं, की यंत्राचं काम झालं का, आता परत कधी लावायचं?

हळूहळू उलगडा झाला. आनंदाभाऊ त्यांच्याकडे स्वतः आले होते. म्हणाले, आकांक्षाने, म्हणजे मी, निरोप दिलाय, यंत्र नाजूक आहे, महागाचं आहे, या खोलीतल्या धुळीने खराब होईल. दिवसा आमच्या ऑफिसात सांभाळून ठेवू, रात्रीही तिथेच चार्जिंगला लावू. मावशींनी पदराचं यंत्र काढून त्यांच्या हातात दिलं. का देणार नाहीत? नवरा गेल्यावर खोली त्यांच्या नावावर करायला आनंदाभाऊंनीच खेपा घातल्या होत्या. त्या उपकाराची आठवण ते कधी बोलून देत नाहीत. फक्त अधूनमधून दारात उभे राहून खोलीवरून नजर फिरवतात.

धूळ मोजायचं यंत्र धूळ लागू नये म्हणून उचलून नेलं. मी इतकी वर्षं अभ्यास केला, पण यंत्र या पद्धतीने निकामी करता येतं, हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

मी ऑफिसचं दार उघडलं. मावशी माझ्या मागून चालत आल्या, धापा टाकत. एसी जोरात चालू होता. आनंदाभाऊ खुर्चीत पेंगत होते. कपाटात, ‘स्वच्छ चाळ’च्या दुसऱ्या नंबरच्या कपाला टेकवून आमचं यंत्र ठेवलं होतं. त्याला हळदकुंकू लावलं होतं. वर झेंडूचं फूल वाहिलं होतं, नेमकं हवा आत जाण्याच्या भोकावर, आणि आतला पंखा बिचारा एक पाकळी ओढायचा प्रयत्न करत होता. दिवा हिरवागार होता.

मी कपाट उघडलं, फूल काढलं आणि यंत्र बाहेर घेतलं. आनंदाभाऊ जागे झाले. माणूस चोरी उघडी पडल्यावर दचकतो, ते दचकले नाहीत. कपांना गार हवा लागत राहावी म्हणून ते कपाटाचं दार किंचित उघडं ठेवायचे, ते त्यांनी पुन्हा तसंच किंचित उघडं करून ठेवलं.

“भाऊ,” मावशी दारातून म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात आकांक्षाने सांगितलंय.”

“वहिनी, तुमच्याच भल्यासाठी. बाईमाणसाने छातीवर लाल दिवा लावून नाक्यावरून फिरायचं, बरं दिसतं का?”

मी त्यांना म्हटलं, की तुम्ही माझ्या नावावर खोटं बोललात, संस्थेचं यंत्र एसीत, कपाटात बंद करून ठेवलंत, आणि ज्या बाईचा श्वास मोजायचा तिच्याऐवजी कपांचा मोजलात. मी आवाज चढवला नाही. त्यांच्यापुढे आवाज चढवला की ते वय काढतात.

ते शांतपणे म्हणाले, “यंत्र तुझं असेल, पोरी. नाव चाळीचं आहे.”

मी यंत्र मावशींच्या पदराला परत लावलं. खोलीत पाय टाकताच ते लाल झालं. पण उशीर झाला होता. किमान किती दिवसांची सलग नोंद हवी, याचा नियम असतो; मधे खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तो नियम मीच सगळ्यांना समजावत फिरले होते. सुनावणीची तारीख ठरलेली होती, यंत्रं पुढच्या शहरात जायची होती. आमचे सर सज्जन माणूस आहेत. त्यांनी माझा अहवाल दोनदा वाचला, मला पाणी दिलं, आणि हिरजी चाळीच्या नोंदी बाद केल्या. एसीतल्या आकड्यांवर चाळ स्वच्छ ठरवण्यापेक्षा ते बरं, एवढंच.

सुनावणीला मावशी गेल्या होत्या, मी होते. डॉक्टरचे कागद मावशींनी साहेबांपुढे ठेवले. साहेब सहानुभूतीने म्हणाले, की आजारपण खरं आहे, पण हवेचा आकडा या बाजूचा नाही. पलीकडचा आहे. तांबावाल्यांकडे ज्या बाईने यंत्र लावलं होतं, तिने ते मुकाट्याने शेवटपर्यंत लावलं होतं. तिचा दिवाही बऱ्याचदा पिवळ्याचा लाल व्हायचा. निलेशने नाक्यावर पिवळाच सांगितला होता, तो भाग वेगळा, पण त्याने यंत्राला हात लावला नाही. पत्रे त्या बाजूला लागले. फवारे त्या बाजूला सुरू झाले. निलेशने आपल्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि एक पुडा आनंदाभाऊंना पाठवला. त्यांनी तो हसत घेतला. हरलेल्याने मोठ्या मनाने दिलेला पेढा, असं त्यांना वाटलं असावं.

कारण आनंदाभाऊंच्या हातात तोवर अहवालाची प्रत आली होती. त्यात मर्यादेपेक्षा जास्त धूळ असलेल्या इमारतींचा तक्ता होता. त्यांनी तो ऑफिसात जमलेल्या माणसांना दाखवला.

“ही नापासांची नावं आहेत,” ते म्हणाले. “यात आपलं शोधून दाखवा.”

कोणाला सापडलं नाही. पानाच्या तळाला बारीक अक्षरात आमच्या नोंदी बाद केल्याचं लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं. दोनचार जणांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा आनंदाभाऊंकडे. चाळीला ओरडून सांगितलेल्या गोष्टी लवकर पटतात, तळाशी लिहिलेल्या नाही.

संस्था कप देत नाही, हे कळल्यावर त्यांना थोडं वाईट वाटलं. मग त्यांनी तो करवून घेतला. गिरगावात त्यांच्या ओळखीचं दुकान आहे, कप आणि सन्मानचिन्हांचं. मोठा, दोन कानांचा, लाकडी बैठकीचा कप आला. त्यावर कोरलं होतं: ‘शुद्ध हवा, प्रथम क्रमांक, हिरजी चाळ’. देणाऱ्याचं नाव घालायची जागा रिकामी सोडायला नको म्हणून तिथे आमच्याच मंडळाचं नाव घातलं. आपणच घेतलेली परीक्षा, आपणच बसलेलो, आपणच पहिले, आणि तरीही त्यांचा चेहरा बघावा तर खरोखरच जिंकलेल्या माणसाचा. मला त्या चेहऱ्याचा राग आला नाही. किळस आली.

सव्वीस जानेवारीला आमच्या चाळीत सत्यनारायण असतो. पटांगणात मांडव, प्रसाद, मग हळदीकुंकू आणि गुणगौरव. आनंदाभाऊंनी माइक घेतला. चाळीच्या परंपरेवर बोलले, गिरणगावच्या मातीवर बोलले. मातीवर बोलताना भिंतीपलीकडे प्लांट सुरूच होता, म्हणून जरा मोठ्याने बोलले. शेवटी म्हणाले, या यशात आपल्या रखमावहिनींचा मोठा वाटा आहे, त्यांनीच यंत्र अंगावर वागवलं, तर हा कप मंडळाच्या वतीने त्यांनी स्वीकारावा. स्वीकारावा आणि लगेच कपाटासाठी त्यांच्याकडे परत द्यावा, असा एकूण बेत. फोटोसाठी.

मावशी स्टेजच्या पायऱ्या चढून वर गेल्या. दोनच पायऱ्या, पण त्यांना मधे थांबावं लागलं. त्यांनी कप घेतला, फोटो झाला, आणि आनंदाभाऊंनी हात पुढे केला. मावशींनी कप दिला नाही. माइककडे वाकून त्या म्हणाल्या, “हा माझ्यामुळे मिळाला म्हणता ना भाऊ? मग माझ्याकडेच राहू दे. खिडकीत ठेवते.”

टाळ्या वाजल्या. म्हातारीला कौतुक वाटलं, अशा समजुतीने वाजल्या. एवढ्या लोकांपुढे, माइकसमोर, आनंदाभाऊंना नाही म्हणता येईना. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

कप शिलाईच्या मशीनपलीकडे, खिडकीच्या कट्ट्यावर बसला. संध्याकाळपर्यंत त्याची चकाकी गेली. दुसऱ्या दिवशी त्यावरची अक्षरं बुजली. तिसऱ्या दिवशी आनंदाभाऊ पिवळं फडकं घेऊन दारात हजर.

तेव्हापासून ते रोज सकाळी येतात. चप्पल काढतात, मावशींच्या मशीनला वळसा घालून खिडकीशी जातात आणि कप पुसतात. आधी कान, मग पोट, मग अक्षरं एकेक. फडकं झटकतात ते खोलीतच. मला वाटलं होतं, आज ना उद्या हा माणूस खिडकीतून बाहेर बघेल, फडक्याकडे बघेल, आणि काहीतरी बोलेल. पहिल्या आठवड्यात त्यांना तिथे खोकला आला. त्यांनी तो घशातच दाबला. प्रथम क्रमांकाच्या हवेत खोकणं त्यांना प्रशस्त वाटलं नसणार. मावशी मान वर न करता म्हणाल्या, “खोका, भाऊ. घरचंच आहे.”

मग त्यांनी तक्रार केली. प्लांटची नव्हे, मावशींची. खिडकी बंद ठेवत जा, कप खराब होतोय, असं त्यांनी मावशींना सांगितलं. खिडकी लावली तर उजेड कुठून आणू, असं मावशींनी विचारलं. मागच्या बाजूला पत्र्यांसाठी अर्ज करायचा म्हणून मी कागद तयार केला होता, तो मी त्याच वेळी पुढे केला. मंडळाचा शिक्का हवा होता. आनंदाभाऊंनी कागद वाचला. ‘धुळीचा असह्य त्रास’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, की पहिला क्रमांक घेतल्यावर असं लिहून देणं मंडळाला शोभणार नाही. शिक्का त्यांच्या खिशातच असतो.

दुसऱ्या दिवशी ते प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. चांगली जाड, पारदर्शक. कपावर घातली, खालून रबर लावलं, आणि चारी बाजूंनी बघून समाधानाने मान हलवली.

सह्यांसाठी मी आता शिक्का सोडून खोल्याखोल्यांत फिरते आहे. काही मिळाल्या. बरेच जण आधी विचारतात, भाऊंना चालेल का? तेवढ्यात डॉक्टरने सांगितलेलं ऑक्सिजनचं मशीन मावशींच्या खोलीत आलं. जागा नव्हती म्हणून ते शिलाईच्या मशीनशेजारी, खिडकीखाली ठेवलं. नळी नाकाला लावूनच मावशी फॉल लावतात. आवाज होतो, पण प्लांटच्या आवाजात तो ऐकू येत नाही.

काल सकाळी आनंदाभाऊ आले तेव्हा मी तिथेच होते. पिशवीवरची धूळ त्यांनी पुसली. निघताना त्यांचं लक्ष खाली गेलं. ऑक्सिजनचं मशीन चालू असल्याचा एक बारीक दिवा त्याच्यावर असतो. ते वाकले, नीट बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“बघा वहिनी,” ते म्हणाले, “आता इथेही हिरवा आला.”

मावशींनी सुईत दोरा ओवला आणि पाय मशीनवर ठेवला.